उमेदवारीचे तीनशे शब्द

नामनिर्देशन समितीचे पत्र आले तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. आमच्या अभ्यासशाखेतील प्राध्यापक व संशोधकांच्या संघटनेत नियोजित अध्यक्षपदाची निवडणूक होणार आहे, मतपत्रिकेवर तीन नावे ठेवण्याचा समितीचा विचार आहे आणि त्यांत आपले नाव असण्यास आपली संमती आहे की नाही हे दहा दिवसांत कळवावे, एवढाच त्या पत्राचा मजकूर होता. मी ते दोनदा वाचले, पुढची उत्तरपत्रिका ओढली आणि तिच्या पहिल्या पानावरची गुणांची बेरीज तीनदा चुकवली. आनंद झाला होता, हे कबूल करते. तो आनंद मानाचा होता आणि पदाच्या कामाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, हे त्या दिवशीच समजले असते तर पुढची निवडणूक कदाचित वेगळ्या रीतीने लढवली असती.

नियोजित अध्यक्ष हे पद बाहेरच्या माणसाला जरा चमत्कारिक वाटते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये निवडून आलेली व्यक्ती पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष, दुसरे वर्ष अध्यक्ष आणि तिसरे वर्ष मावळती अध्यक्ष म्हणून काम करते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत अध्यक्षपद दोन वर्षांचे असल्यामुळे हीच साखळी चार वर्षांची होते. आमची घटना पहिल्या प्रकारची आहे. अशा रचनेमागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. वार्षिक परिषदेची जागा दोन-तीन वर्षे आधी ठरवावी लागते, नियतकालिकाचा प्रकाशकाशी झालेला करार अनेक वर्षांचा असतो, पुरस्कारांच्या समित्या एका अध्यक्षाने नेमलेल्या असतात आणि त्यांचे निकाल दुसऱ्याच्या काळात लागतात. त्यामुळे प्रत्यक्ष अध्यक्षपदाच्या वर्षात माणूस बव्हंशी आधीच्यांचे निर्णय राबवतो आणि ज्यांची फळे पुढच्यांनी भोगायची असे निर्णय घेतो. उमेदवार कधी कधी ‘माझ्या कार्यकाळात’ असे शब्द मोठ्या उत्साहाने वापरतात, तेव्हा त्यांनी घटना उघडून पाहिलेली नसते अशी माझी खात्री होते. मीही तोपर्यंत ती उघडलेली नव्हती.

संमती कळवण्यापूर्वी मी तीन गोष्टी वाचल्या: संघटनेची घटना, मागील तीन वर्षांच्या कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब. ज्यांना अशी उमेदवारी मिळण्याची शक्यता आहे त्यांनी हे वाचन आधीच करून ठेवावे, कारण दहा दिवस फार लवकर संपतात. इतिवृत्तांची भाषा कोरडी असते, पण एखादा विषय सलग चार सभांत ‘पुढील सभेत विचारार्थ’ असा पुढे ढकललेला दिसला, की नेमकी अडचण कुठे आहे ते कळते. आमच्याकडे असा ढकलला गेलेला विषय परिषदेच्या नोंदणी शुल्काचा होता. हिशेबांवरून त्याचे कारणही उलगडले. संघटनेच्या उत्पन्नाचे तीन झरे होते, सभासदांची वर्गणी, नियतकालिकापासून मिळणारे स्वामित्वधन आणि परिषदेतील शिल्लक, आणि त्यांपैकी पहिले दोन दरवर्षी थोडे थोडे आटत चालले होते. परिषदेचे शुल्क कमी करा असे सगळेच म्हणत होते. पण ती रक्कम दुसरीकडून कुठून आणायची, या प्रश्नावर इतिवृत्त गप्प होते.

मग पूर्वी हे पद सांभाळलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना फोन केला. त्यांच्या हाताखाली मी कधी शिकले नाही, पण आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. अध्यक्षीय भाषण कसे तयार केले, असे काहीतरी मी विचारले. सर हसले. म्हणाले, “भाषण शेवटच्या महिन्यात होतं. त्याआधीचे अकरा महिने काय केलं ते विचार.” त्या अकरा महिन्यांपैकी बराच काळ दोन कामांनी खाल्ला होता. एक होती एका सभासदाविरुद्ध आलेली वाङ्मयचौर्याची तक्रार; तिच्याबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि आजही बोलणार नाहीत. दुसरे होते परिषदेच्या हॉटेलशी झालेल्या करारातले एक कलम. सवलतीच्या दरात खोल्या मिळाव्यात म्हणून संघटना ठरावीक संख्येच्या खोल्यांची हमी देते आणि तेवढ्या खोल्या भरल्या नाहीत तर फरकाची रक्कम संघटनेलाच भरावी लागते. सभासद जवळच्या स्वस्त जागी उतरले की संघटनेच्या डोक्यावर दंड बसतो. सरांनी त्या वर्षी शेकडो पत्रे लिहिली होती आणि त्यांतली बरीचशी खोल्यांबद्दल होती. “तुझ्या विभागप्रमुखांकडून एका विषयाचं अध्यापन कमी करून घे,” फोन ठेवताना ते म्हणाले, “आणि ते लेखी घे.” मी ते लेखी घेतले. मला मिळालेल्या सर्व सल्ल्यांपैकी सर्वांत उपयोगी पडलेला सल्ला हाच.

निवडणूक मतपत्रिकेपासून सुरू होते असे आपण मानतो. खरे तर ती त्याच्या कितीतरी आधी, समितीच्या बैठकीत, ‘कोणाकोणाची नावे सुचतात’ या प्रश्नापासून सुरू झालेली असते. सुचणारी नावे ही ओळखीची नावे असतात, आणि ओळख परिषदेतल्या चर्चासत्रांत, परस्परांच्या लेखांच्या परीक्षणात आणि जुन्या गुरुकुलांत वाढलेली असते. या व्यवस्थेने किती काळ कोणाला बाहेर ठेवले हे जुन्या संघटनांच्या अध्यक्षांच्या याद्यांवर नुसती नजर टाकली तरी दिसते. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन १८८४ साली स्थापन झाली. तिला पहिली महिला अध्यक्ष, नेली नीलसन, १९४३ मध्ये मिळाली, आणि दुसरी, नताली झेमन डेव्हिस, थेट १९८७ मध्ये. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत ज्युलिया रॉबिन्सन या पहिल्या महिला अध्यक्ष १९८३ साली झाल्या. उलटे उदाहरणही आहे. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी पीएच.डी.ची सर्व पूर्तता करूनही केवळ स्त्री असल्यामुळे हार्वर्डने त्यांना पदवी नाकारली होती. त्याच कॅल्किन्स १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. विद्यापीठाने जे मान्य केले नाही ते सहकाऱ्यांच्या संघटनेने मान्य केले. व्यावसायिक संघटनेबद्दल मला जी आस्था आहे तिचे मूळ अशा प्रसंगांत आहे, आणि तिच्याबद्दल जो संशय आहे त्याचे मूळ १९४३ आणि १९८७ यांच्यामधल्या चव्वेचाळीस वर्षांत.

बहुतेक घटनांमध्ये समितीला वळसा घालण्याची एक वाटही असते: ठरावीक संख्येच्या सभासदांनी सह्या करून एखादे नाव सुचवले तर ते मतपत्रिकेवर घ्यावेच लागते. आमच्या निवडणुकीतले तिसरे उमेदवार याच वाटेने आले. समितीच्या यादीतल्या तिसऱ्या व्यक्तीने संमती दिली नव्हती आणि समिती दोनच नावांवर निवडणूक घेण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात मुख्यतः पदवी स्तरावर शिकवणाऱ्या, संशोधनासाठी फारसा वेळ न मिळणाऱ्या सभासदांनी सह्या गोळा करून आपल्यातल्या एकाचे नाव दाखल केले. मी ही बातमी एक कुतूहलाची गोष्ट म्हणून वाचली आणि बाजूला ठेवली. या लेखात माझ्या ज्या चुका येतील त्यांतली ही सर्वांत मोठी, म्हणून तिची नोंद इथेच करून ठेवते.

प्रत्येक उमेदवाराला तीनशे शब्दांचे निवेदन द्यायचे होते. माझा पहिला मसुदा एका बैठकीत झाला, यावरूनच तो कसा असेल याची कल्पना यावी. पहिल्या दोनशे शब्दांत माझी पुस्तके, समित्या आणि संपादन; उरलेल्या शंभरात ‘अध्यापन आणि संशोधन यांतील दरी सांधणे’, ‘सर्वसमावेशक व्यासपीठ निर्माण करणे’ आणि ‘तरुण संशोधकांना प्रोत्साहन देणे’. मसुदा मी चार-पाच ओळखीच्यांना पाठवला आणि सर्वांनी तो उत्तम असल्याचे कळवले. परिचयातल्या एका तरुण प्राध्यापिकेने मात्र उत्तर लिहिण्याऐवजी फोन केला. ती तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवते. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, “मॅडम, एक विचारू? प्रोत्साहन म्हणजे नक्की काय मिळणार?”

मला उत्तर देता आले नाही. तिला ते अपेक्षितही नव्हते. परिषदेला येण्यासाठी तिला नोंदणी शुल्क, प्रवास आणि राहणे मिळून जो खर्च येतो तो तिने मला आकड्यांत सांगितला, आणि त्या दिवसांतल्या बुडालेल्या तासांचे पैसेही त्यात धरले. कायम नोकरीत असलेल्या माणसाला संस्था प्रवासखर्च देते आणि कर्तव्यरजाही देते, म्हणजे त्याला परिषद जवळपास फुकट पडते. ज्याला यांतले काहीच मिळत नाही त्याला तेच शुल्क भरावे लागते. “सभासदत्वाच्या अर्जात पद लिहायचा रकाना आहे,” ती म्हणाली, “त्यात मी दरवर्षी काय लिहावं याचा विचार करते. यादीत माझं पदच नाही.” फोन संपल्यावर मी अर्जाचा तो नमुना उघडून पाहिला. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, निवृत्त, आणि सर्वांत खाली ‘इतर’. इतकी वर्षे मी तो अर्ज भरत आले होते आणि पहिल्या तीन पर्यायांच्या खाली माझी नजर कधी गेलीच नव्हती.

दुसरा मसुदा लिहायला तीन आठवडे लागले, कारण आता प्रत्येक वाक्य कोणाला तरी विचारूनच लिहावे लागत होते. नोंदणी शुल्काचे उत्पन्नानुसार टप्पे पाडावेत, असे लिहिण्यापूर्वी मी कोषाध्यक्षांशी बोलले. त्यांनी शांतपणे दाखवून दिले की वरच्या टप्प्याचे शुल्क वाढवल्याशिवाय खालच्या टप्प्याचे कमी करता येणार नाही, आणि ही वाढ सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी लागेल. अध्यक्षाला कार्यकारिणीत इतरांसारखेच एक मत असते. म्हणून ‘मी शुल्क कमी करीन’ हे वाक्य ‘उत्पन्नानुसार शुल्काचा प्रस्ताव, त्याच्या जमाखर्चासह, मी पहिल्याच सभेपुढे ठेवीन, त्यात कायम नोकरीतील सभासदांचे शुल्क वाढेल’ असे झाले. शेवटचे अर्धे वाक्य गाळावे असे दोन हितचिंतकांनी सुचवले होते. मी ते ठेवले. सर्वसमावेशक व्यासपीठ गेले, आणि सभासदत्वाच्या अर्जातला पदाचा रकाना बदलण्याचे एक साधे वाक्य त्याच्या जागी आले. पुस्तकांची यादी दोन ओळींत उरकली. निवेदन बरोबर दोनशे अठ्ठ्याण्णव शब्दांचे झाले.

प्रचार हा शब्द प्राध्यापकांना जड जातो. आम्हाला पद हवे असते, पण ते आग्रहास्तव स्वीकारल्याचे दाखवायचे असते. नियमही या संकोचाला धरूनच होते: संघटनेची पत्त्यांची यादी वापरायची नाही, आपल्या संस्थेच्या नावाचे पत्रकागद किंवा कर्मचारी वापरायचे नाहीत, दुसऱ्या उमेदवाराबद्दल लिहायचे नाही, आणि चालू वर्षात ज्यांच्या लेखांचा किंवा अनुदानाच्या अर्जांचा निर्णय आपल्याकडे आहे त्यांच्याकडे मत मागायचे नाही. शेवटचा नियम मी स्वतःपुरता अधिक कडक केला आणि माझ्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोललेच नाही, कारण शिफारसपत्र ज्यांना माझ्याकडून घ्यायचे आहे त्यांना माझी उमेदवारी हा मोकळ्या चर्चेचा विषय वाटणे शक्य नव्हते.

सभासदांकडून आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: सार्वजनिक वादांत संघटनेने भूमिका घ्यावी का? निम्म्यांना ‘हो’ ऐकायचे होते आणि निम्म्यांना ‘नाही’. मला या प्रश्नात अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्सचा इतिहास उपयोगी पडला. १९०० साली एडवर्ड रॉस या अर्थशास्त्रज्ञाला त्याच्या मतांमुळे स्टॅनफर्ड सोडावे लागले, त्याच्या निषेधार्थ तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय यांनीही तिथल्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि पुढे १९१५ मध्ये लव्हजॉय आणि जॉन ड्यूई यांच्या पुढाकाराने ती संघटना उभी राहिली. ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. त्या संघटनेने पहिल्याच वर्षी शैक्षणिक स्वातंत्र्याच्या तत्त्वांचा जाहीरनामा काढला, कारण तेच तिचे काम होते. त्यावरून मी माझे उत्तर ठरवले. शिकवण्याच्या, संशोधन करण्याच्या आणि ते प्रसिद्ध करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येईल तिथे संघटनेने बोललेच पाहिजे. त्यापलीकडच्या प्रश्नांवर सभासदांची मते वेगवेगळी असणार आणि त्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या कार्यकारिणीने सर्वांच्या नावाने बोलण्याची घाई करू नये. हे उत्तर दोन्ही बाजूंना अर्धवट वाटले. आजही मला ते बरोबर वाटते.

आता मतदानाच्या पद्धतीबद्दल, कारण निकाल तिच्याशिवाय समजणार नाही. दोनच उमेदवार असले तर ज्याला जास्त मते तो विजयी, यात कोणाचे दुमत नसते. तिसरा आला की गणिताला तोंड फुटते. फ्रेंच गणितज्ञ काँडोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवून दिले होते की बहुमत अ पेक्षा ब ला, ब पेक्षा क ला आणि क पेक्षा पुन्हा अ ला पसंती देते, असे चक्र तयार होऊ शकते. विद्वानांच्या संघटनांनी या प्रश्नावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने १९८० च्या दशकात मान्यता-मतदान स्वीकारले, ज्यात मतदार आपल्याला चालतील अशा सर्व नावांपुढे खूण करतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. आमच्याकडेही पसंतीक्रमच आहे: कोणालाही पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार उरलेल्यांत वाटल्या जातात.

या पद्धतीत दुसऱ्या उमेदवाराच्या समर्थकांशीही बोलावे लागते. ‘तुमचे पहिले मत त्यांना आहे हे मला ठाऊक आहे, दुसरे मला द्याल का?’ असे विचारायचे तर त्यांना त्यांचा उमेदवार का आवडतो हे आधी ऐकून घ्यावे लागते. नियम मला पाठ होता. मी बोलले मात्र माझ्याच लोकांशी: संशोधन करणाऱ्या, परिषदेत दरवर्षी भेटणाऱ्या, माझे निवेदन वाचून ‘उत्तम’ कळवणाऱ्या लोकांशी. सह्या गोळा करून आलेल्या त्या तिसऱ्या उमेदवाराच्या समर्थकांपैकी एकालाही मी फोन केला नाही. माझ्या निवेदनात त्यांच्या हिताची दोन वाक्ये होती आणि ती त्यांच्यापर्यंत आपोआप पोचतील असे मी गृहीत धरले होते. माझ्या प्रतिस्पर्धी प्राध्यापिकेने मात्र त्यांच्या दोन बैठकींना दूरदृश्य प्रणालीवरून हजेरी लावली, एकीत जवळपास काही न बोलता बसून ऐकले आणि नंतर अध्यापनविषयक लेखांसाठी नियतकालिकात कायमचा विभाग ठेवण्याची सूचना त्यांच्याकडूनच लिहून घेतली.

निकाल सचिवांच्या पत्राने कळला. पहिल्या फेरीत मी पुढे होते. तिसरे उमेदवार बाद झाले, त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या, आणि त्यांतल्या इतक्या तिच्याकडे गेल्या की दुसऱ्या फेरीअखेर मी मागे पडले. पत्राला फेरीनिहाय तक्ता जोडलेला होता. त्यातला एक स्तंभ मी बराच वेळ पाहत बसले: ज्या मतपत्रिकांवर पहिल्या पसंतीनंतर काहीच लिहिलेले नव्हते, त्यांचा. त्या सभासदांनी आम्हा दोघींपैकी कोणालाच दुसरे स्थान देण्याइतपत ओळखले नव्हते. नंतर मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. पराभवाबद्दल खेद वाटला, पण तो आठवडाभरात ओसरला.

चौथ्या दिवशी विजयी उमेदवाराचा फोन आला. औपचारिक अभिनंदन-आभार झाल्यावर तिने विचारले, “तुमच्या निवेदनातला शुल्काचा प्रस्ताव जमाखर्चासकट तयार आहे का?” मी म्हटले, आहे, कोषाध्यक्षांनी तपासलेला आहे, पण त्यात कायम नोकरीतल्यांचे शुल्क वाढते. “ते वाचलं मी,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्हीच मांडा. शुल्क समितीचं निमंत्रकपद रिकामं आहे.” हो म्हणायला मी एक दिवस मागितला आणि विभागप्रमुखांना लिहिले की अध्यापन कमी करण्याबाबतचे ते पत्र अजून काही काळ लागू ठेवावे लागेल.

समितीची पहिली बैठक गेल्या आठवड्यात झाली. सहा सभासदांपैकी दोन तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत आणि त्यांतली एक ती फोन करणारी प्राध्यापिका. बैठकीचा अर्धा वेळ पदाच्या रकान्यात नेमके कोणते शब्द असावेत यावर गेला. ‘अर्धवेळ’ चालणार नाही, असे ती म्हणाली, कारण दोन महाविद्यालयांचे तास धरले तर ती पूर्ण वेळेपेक्षा जास्त शिकवते. शब्द अजून ठरलेला नाही. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो पहिलाच विषय आहे, आणि या वेळी इतिवृत्त मी लिहिणार आहे.